हा नियम नेमका कोणाच्या अंगावर आहे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूर शहरातल्या एका ठाण्यात तुम्ही दोन वर्षांपासून उपनिरीक्षक आहात. ठाण्यावर आणि ठाण्यातल्या अधिकारी-अंमलदारांवर जे जे कायदे, न्यायालयांचे निर्देश आणि परिपत्रकं बंधनकारक आहेत, त्या सगळ्यांचा आढावा घेऊन टिपण द्या, असं तुमच्या साहेबांनी सांगितलंय. तुम्ही फायली काढल्या, यादी करायला घेतली आणि ती दीडशेच्या वर गेली. आता विचारताय, सुरुवात कुठून करू आणि यातलं काय बंद करा म्हणून लिहू?

मी या खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यातला बहुतेक विदर्भात. शेवटची काही वर्षं दप्तर तपासणीचं काम बरंच केलं. आता निवृत्तीनंतर प्रशिक्षणवर्गांत नव्या कायद्यांवर बोलायला जाते. या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते. ती यादी सध्या कपाटात ठेवा. यादी केली की तिच्यापुढे ‘पालन होते’ आणि ‘पालन होत नाही’ असे दोन रकाने आपोआप येतात. आणि तपासणीची तारीख आधी कळलेल्या ठाण्यात पहिल्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण झालेली असते.

माझ्या अगदी सुरुवातीच्या एका तपासणीत एका जुन्या हवालदारानं अटकेचं रजिस्टर पुढे ठेवलं. अक्षर मोत्यासारखं, एकही रकाना रिकामा नाही. मी कौतुक केलं. तो म्हणाला, “मॅडम, लिहून तं सारं ठेवतो जी, पण वाचते कोण?” त्या रात्री मी ते रजिस्टर मुक्कामाच्या खोलीवर नेऊन खरोखर वाचलं. महिन्याभरातल्या बहुतेक अटका संध्याकाळी सहा वाजताच्या होत्या. माणसं रोज सहाच्या ठोक्याला सापडत नाहीत. सकाळी उचलून आणायचं, दिवसभर बाकावर बसवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात न्यायला सोयीचं पडेल अशी वेळ कागदावर टाकायची, असा त्याचा अर्थ होता. रजिस्टरात नियम शंभर टक्के पाळलेला होता, आणि बाकावर बसलेल्या माणसाला त्या नियमाचा काहीही उपयोग झाला नव्हता.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून मांडते. किती नियम आहेत आणि किती पाळले जातात, हे विचारू नका. प्रत्येक बंधनापाशी थांबून विचारा: हे नेमकं कोणाच्या अंगावर आहे? खात्याच्या, ठाणेदाराच्या, की रात्री दोन वाजता टेबलावर बसलेल्या ठाणे अंमलदाराच्या? आमच्याकडच्या आढाव्यांत सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. जे खात्यानं द्यायचं असतं ते मिळालेलं नसतं, आणि नोटीस मात्र सगळ्यात खालच्या माणसाला जाते. हा अन्याय मला नोकरीभर टोचला आणि अजूनही टोचतो.

सीसीटीव्हीचं उदाहरण घेऊ. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला स्पष्ट सांगितलं की प्रत्येक ठाण्यात येण्याजाण्याच्या सगळ्या वाटा, कोठडी, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याची खोली, शौचालयाबाहेरची जागा आणि ठाण्याची मागची बाजू, हे सगळं कॅमेऱ्यात यायला हवं. अंधारात दिसायला हवं, आवाज यायला हवा, आणि चित्रण १८ महिने टिकायला हवं. तेवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर मिळेल त्यातली जास्तीत जास्त घ्यायची, पण एक वर्षाच्या खाली नाही. हे वाचून बहुतेक जण टिपणात एक ओळ लिहितात: ‘कॅमेरे बसवले आहेत.’

आता हेच बंधन सुटं करून बघा. पैसा देणं राज्य सरकारच्या अंगावर आहे. खरेदी, देखभाल आणि देखरेख राज्यस्तरीय व जिल्हास्तरीय समित्यांच्या अंगावर आहे. कॅमेरे चालू आहेत ना हे पाहणं आणि बिघाड झाला तर लगेच जिल्हा समितीला कळवणं ठाणेदाराच्या अंगावर आहे. आणि त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी मी वर्गात विचारली की सगळे एकमेकांकडे बघतात: कॅमेरे बंद असण्याच्या काळात ठाण्यात कोणाला अटक झाली, कोणाची चौकशी झाली, हेही ठाणेदारानं समितीला कळवायचं आहे. माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं कलम आहे, कारण धोका कॅमेरा बंद असतानाच असतो.

एका ठाण्यात कॅमेरे बंद सापडले म्हणून ठाणे अंमलदाराला कारणे दाखवा नोटीस निघाली होती. कागद मागवले, तर त्या अंमलदारानं बिघाडाची नोंद तीन वेगवेगळ्या तारखांना स्टेशन डायरीत केलेली. ती नोंद वर कुणी पाठवलीच नव्हती. त्यानं आपल्या वाट्याचं काम केलं होतं, वरच्यांनी नव्हतं. मी ती नोटीस मागे घेण्याची शिफारस केली आणि ती मागे घेतलीही गेली, पण त्या माणसाचे मधले चार महिने झोपेविना गेले. तुमच्या टिपणामुळे असं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून एवढं लांबण लावतेय.

कॅमेऱ्याची तपासणी मात्र सोपी आहे. सहा महिन्यांपूर्वीची कोणतीही एक रात्र तुम्ही स्वतः निवडा आणि कोठडीसमोरचं रात्री दोन ते चारचं चित्रण उघडून दाखवायला सांगा. दिसतं का, ऐकू येतं का, वेळ बरोबर आहे का, एवढं बघायचं.

आता अटक. तिथे जरा जास्त वेळ थांबा, कारण माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तिथेच येतो आणि बंधनांची सगळ्यात जास्त दाटीही तिथेच आहे. डी. के. बसू प्रकरणानं १९९६ च्या डिसेंबरमध्ये अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेच्या ज्ञापनावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही, तारीख आणि वेळ, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानं सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक गरजेची का आहे याची कारणं लिहा. कारणं नसतील तर गुन्हा दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत नोटीस द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४१ व ४१-अ आता तिच्या कलम ३५ मध्ये आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका प्रकरणात, अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि तेव्हाच्या तेव्हा शक्य नसेल तर निदान न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या दोन तास आधी द्यायची, असं ठरलं.

एवढं सगळं तपासायचं कसं? मी चार घड्याळं लावते. अटक ज्ञापनावरची वेळ, स्टेशन डायरीतली वेळ, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नेलं असेल तर तिथल्या कागदावरची वेळ, आणि ठाण्याच्या दारातल्या कॅमेऱ्यावरची वेळ. दहा अटका काढा आणि चारही वेळा शेजारी शेजारी लिहा. कॅमेऱ्यात माणूस सकाळी नऊला आत आला असेल आणि ज्ञापन संध्याकाळी सहाचं असेल, तर मधले नऊ तास तो कोण होता? साक्षीदार, पाहुणा, की अटकेतला आरोपी? माणूस उठून जायला मोकळा राहिला नाही, त्या क्षणापासून अटक सुरू होते, कागदावर लिहिल्यापासून नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयानं फार पूर्वीच सांगून ठेवलंय. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याचे चोवीस तास त्या क्षणापासून मोजायचे.

या चार घड्याळांत एक गोष्ट महत्त्वाची आहे. दोन घड्याळं आपल्या हातातली आहेत, दोन नाहीत. ज्या नियमाचा भंग फक्त भंग करणाऱ्यालाच दिसतो, तो नियम कागदावरच राहतो. म्हणून आढावा घेताना ठाण्याबाहेरचा कागद शोधत राहा. नव्या संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला ९० दिवसांत कळवायची आहे. त्यासाठी जावक रजिस्टर बघू नका. दहा फिर्यादींना फोन करा आणि नुसतं विचारा, “आमच्याकडून काही कळलं का?” मी हे करत असे. उत्तरं ऐकून मान खाली जायची, पण पुढच्या तिमाहीत सुधारणा व्हायची, कारण ठाण्याला कळलेलं असायचं की मॅडम लोकांना फोन करतात.

आता बंदोबस्त आणि तपास. हा विषय नागपुरात टाळून चालतच नाही.

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला जे सात निर्देश दिले, त्यातला एक असा की तपासाचं काम आणि कायदा-सुव्यवस्थेचं काम वेगळं करा, आणि सुरुवात दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपासून करा. नागपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच २४ लाखांच्या वर होती, म्हणजे हा निर्देश थेट आपल्याला लागू आहे. आणि आपल्याकडचं वर्ष कसं असतं ते तुम्ही बघताच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. यशवंत स्टेडियमपासून मोर्चे सुटतात, रस्ते बंद होतात आणि तपास अधिकारी पहाटेपासून पॉइंटवर उभा असतो.

तिकडे कलम १८७ ची मुदत चालूच असते. आरोपी कोठडीत असेल तर ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत हुकली की पहिला ठपका तपास अधिकाऱ्यावर. हा ठपका काही वेळा रास्त असतो, आळस करणारेही मी पाहिलेत. पण तुम्ही टिपणात एक साधा तक्ता द्या: मुदत हुकलेल्या किंवा शेवटच्या दोन दिवसांत गेलेल्या प्रत्येक गुन्ह्यापुढे, त्या ६० किंवा ९० दिवसांपैकी तपास अधिकारी किती दिवस बंदोबस्तात होता, हा आकडा. ड्यूटी रजिस्टर आणि बंदोबस्ताच्या स्कीममधून तो निघतो, कुणाला विचारावं लागत नाही. एकट्या या तक्त्यातून साहेबांना कळेल की २००६ चा निर्देश त्यांच्या ठाण्यात कुठवर पोचलाय.

तसंच कार्यकाळाचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न प्रमाणे उपनिरीक्षक ते निरीक्षकांचा ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा आहे आणि अंमलदारांचा एका ठिकाणी पाच वर्षांचा. गेल्या तीन वर्षांत तुमच्या ठाण्यात किती ठाणेदार झाले ते मोजा. संख्या जास्त निघाली तर बाकीच्या निम्म्या त्रुटींचं मूळ तिथेच सापडेल. खात्यानं आपल्याच माणसांना देणं लागतं अशीही बंधनं असतात, आणि ती आढाव्यात घ्यायची राहून जातात. २०२१ मध्ये महिला अंमलदारांची ड्यूटी बारा तासांऐवजी आठ तासांची करण्याचा आदेश राज्यभर निघाला, आणि त्याआधी तो प्रयोग आपल्या नागपूर शहरात झाला होता. तुमच्या ठाण्यात आज तो कितपत चालू आहे, हेही त्याच टिपणात यायला हवं. चौदा तास उभ्या असलेल्या बाईकडून पीडितेचा जबाब हळुवारपणे घेण्याची अपेक्षा करता येत नाही, हे मी स्वतः चौदा तास उभी राहून शिकले.

मग बंद काय करायचं? तुमचा हा प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे.

१९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात, एक आदिवासी मुलगी नातेवाइकांबरोबर रात्री तक्रारीच्या कामासाठी आली होती. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं गेलं आणि पोलिसांनीच तिच्यावर अत्याचार केला, असा तो खटला. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलनं झाली, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त कडक शिक्षेचा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात स्त्री ‘संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालयानं तसं गृहीत धरावं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं.

आज नव्या संहितेचं कलम १७९ सांगतं की तपासासाठी बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. हे बंधन ‘अव्यवहार्य’ आहे असं मी अधिकाऱ्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय. गाडी नाही, महिला अंमलदार नाही, वस्ती लांब आहे. अडचणी खऱ्या आहेत. पण त्या अडचणी दूर करणं खात्याच्या अंगावर आहे, त्या बाईच्या नव्हे. कोणताही नियम ‘रद्द करावा’ असं लिहिण्याआधी तो कोणाला कशापासून वाचवतो ते शोधा. आपल्याच विदर्भातल्या एका ठाण्यात रात्री थांबवून घेतलेल्या मुलीचं काय झालं, हे ज्याला माहीत आहे तो ‘अव्यवहार्य’ हा शब्द लिहिताना थांबेल.

हे लक्षात ठेवून, बंद करायला सुचवा असं माझ्या मते काय आहे ते सांगते. संविधान, कायदा आणि न्यायालयांचे निर्देश यांना ठाणे काय आणि आयुक्तालय काय, हात लावू शकत नाही. तुमच्या शिफारशीची जागा त्याच्या खाली सुरू होते: परिपत्रकं, स्थायी आदेश, क्राइम मीटिंगमधल्या तोंडी सूचना आणि हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे निरोप. संख्येनं हे शेवटचेच सगळ्यात जास्त असतात, आणि त्यांना ना जावक क्रमांक ना मुदत. त्यातले काही चांगले असतात, पण लेखी नसलेल्या आदेशाचं उत्तर द्यायची वेळ आली की तो दिला कोणी हे सापडत नाही. तेव्हा पहिली शिफारस ही करा की जे बंधनकारक आहे ते लेखी, तारखेनिशी आणि केव्हापर्यंत लागू ते सांगून यावं.

दुसरी शिफारस जरा धाडसाची आहे, तरीही करा. प्रतिबंधक कारवायांचे मासिक आकडे बंद करा म्हणा. जुनी कलमं १०७ आणि ११०, आता १२६ आणि १२९, यांत अमुक माणूस शांतता भंग करील किंवा तो सराईत आहे अशी विश्वसनीय माहिती लागते. महिन्याला ठरावीक संख्या मागितली की माहितीच्या आधी माणूस शोधला जातो, आणि तो वस्तीतल्या त्याच त्या घरांत सापडतो. वीस वर्षांपूर्वी एकदा भांडलेला माणूस आज नातवंडं खेळवतोय आणि दर सणाला त्याचं नाव यादीत आहे, असं मी पाहिलंय. असा आकडा मागणं म्हणजे अधिकाऱ्याला कायदा मोडायला लावणं आहे.

तिसरी शिफारस छापील नमुन्यांची. १ जुलै २०२४ नंतरही कुठे ४१-अ, कुठे १५४, कुठे १६१ असलेले जुने फॉर्म वापरात दिसले तर ते बदला: अनुक्रमे ३५, १७३ आणि १८०. फक्त सरसकट फेकू नका. नवा कायदा येण्याआधी चालू असलेले तपास जुन्या संहितेप्रमाणेच पुढे जातात, त्यामुळे काही गुन्ह्यांत जुना फॉर्मच बरोबर असतो. हे गुन्ह्यागणिक बघावं लागतं.

दुहेरी नोंदींबद्दल मात्र घाई नको. अटकेची नोंद ज्ञापनात, डायरीत, कोठडी रजिस्टरात, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत आणि कलम ३७ प्रमाणे फलकावर, अशी पाच ठिकाणी जाते. यातल्या ज्या नोंदी वेगळ्या माणसानं, वेगळ्या वेळी केल्या आहेत त्या राहू द्या, त्या एकमेकींच्या साक्षीदार असतात. एकच रायटर, म्हणजे लेखनाचं काम करणारा अंमलदार, संध्याकाळी बसून पाचही ठिकाणी नक्कल उतरवत असेल तर त्यातल्या कायद्यानं न मागितलेल्या नोंदी खुशाल कमी करा. त्याचा रोजचा तासभर वाचेल आणि तपासाला लागेल.

झडती-जप्तीच्या चित्रीकरणाचंही असंच बघा. कलम १०५ प्रमाणे ते करायचंच आहे, पंचांच्या सह्या होईपर्यंत, आणि विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. त्यासाठी ई-साक्ष्य ॲपही आहे. पण फोन कोणाचा, डेटा कोणाचा, गोदामात किंवा तळघरात रेंज नसेल तर काय, याचं उत्तर लेखी आहे का? अंमलदार स्वतःच्या मोबाइलवर चित्रीकरण करत असेल, तर उद्या तो मोबाइल पुरावा म्हणून मागितला गेला की त्याचं घर अडचणीत. इथे त्रुटी अंमलदाराच्या नावावर लिहू नका.

तुमचं ठाणं दाट वस्तीतलं आहे की शहराच्या कडेला नव्या लेआउटमधलं, मंजूर संख्येपैकी प्रत्यक्ष किती माणसं आहेत, यावर यातल्या कशाला आधी हात घालायचा ते बदलेल. महाल-इतवारीकडचं ठाणं असेल तर मी बंदोबस्ताचा तक्ता आधी करीन. बाहेरच्या रिंग रोडकडचं असेल तर महिला अंमलदार आणि गाडी यांच्यापासून सुरू करीन.

टिपण चार पानांच्या आत ठेवा. प्रत्येक बंधनाखाली तीनच ओळी: कोणाच्या अंगावर, ठाण्याबाहेरच्या कोणत्या कागदानं तपासलं, काय सापडलं. ज्या ओळीत ‘खात्याच्या अंगावर’ येईल तिथे काय हवंय ते आकड्यात लिहा: दोन फोन, एक गाडी, तीन महिला अंमलदार. आणि साहेबांकडे देण्याआधी एका रात्री अकरानंतर ठाण्यात जा, ड्यूटीवरच्या ठाणे अंमलदाराला चहा सांगा आणि ते त्याला वाचून दाखवा. मध्ये एखादी फिर्याद आली तर थांबा, त्याचं काम बघा, मग पुन्हा वाचा. जिथे तो म्हणेल, “हे तं होतच नाही जी,” तिथे पेन्सिलनं खूण करा आणि सकाळी तेवढंच पुन्हा तपासा.